थांबलेल्या ओळी

दोन माणसांना दोन निरनिराळ्या गोष्टी ठाऊक असतात, आणि त्या दोघांची गाठ पडत नाही तोवर त्या गोष्टी आपापल्या जागी निवांत असतात. त्या शेजारी शेजारी आणून ठेवल्या की त्यांतून एक तिसरीच गोष्ट जन्माला येते. ती त्या दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती आणि कुणी सांगितलीही नव्हती. अशा तिसऱ्या गोष्टीचे दायित्व कुणाकडे असावे? ज्याच्या आयुष्याविषयी ती आहे त्याच्याकडे, की ज्याने त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्याच्याकडे? पूर्वी या प्रश्नाची निकड नव्हती, कारण हे काम फार कष्टाचे होते. गावोगावच्या वह्या गोळा करून त्या ताडून पाहण्याइतकी सवड आणि विद्या मोजक्यांपाशीच असे. पुढे ते सोपे झाले, इतके की बोलता येणाऱ्या कुणालाही ते करता यावे. तेव्हा हा प्रश्न विद्वानांच्या बैठकीतून उठला आणि एका आरोग्यसेविकेच्या टेबलावर येऊन बसला.

सातपुड्याच्या पायथ्याशी देवझरी नावाचे गाव आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात हेमलता भामरे एकतीस वर्षे सेवेत होत्या. नऊ उपकेंद्रांच्या गरोदर मातांच्या वह्या त्यांच्या देखरेखीखाली असत. पती निवर्तल्याला बराच काळ लोटला होता. एकुलता मुलगा निनाद सौरपंपांच्या दुरुस्तीचे काम करी, आणि सून इरावती पाच महिन्यांची गरोदर होती. घरी नातवंड येणार या आनंदात बाईंची चाल थोडी वेगवान झाली होती, असे केंद्रातले लोक म्हणत.

दोन हजार एकोणचाळीस सालच्या वैशाखातली गोष्ट. केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. फरजाना तडवी यांनी हेमलताबाईंना बोलावून घेतले.

“हेमाताई, गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्याकडे कावीळ घेऊन जन्मलेली बाळं फार दिसतात. काही तर पोटातच गेली. मला कारण हवंय. वीस वर्षांच्या वह्या एकत्र करा.”

“मॅडम, मग मला आणखी वीस वर्षं नोकरी द्या.”

“अन्वय आलाय ना आता. त्याच्याशी नुसतं बोलायचं. सांगू ते तो ऐकतो.”

“घरात तसं कुणी नाही हो, म्हणून मला सवय नाही,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

अन्वय म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. श्लोकात शब्द छंदासाठी विखुरलेले असतात. कर्ता शेवटी, क्रियापद मध्ये, विशेषण भलतीकडे. गुरुजी एकही शब्द न बदलता ते अर्थाच्या क्रमाने मांडून दाखवतात, त्याला अन्वय लावणे म्हणतात. हे नवे साधन स्प्रेडशीटच्या तक्त्यांबाबत हेच करी. त्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागत नसे. जे हवे ते मराठीत सांगायचे. मग ते पहिल्या पाच ओळींवर करून दाखवी, “असेच ना?” असे विचारी, आणि होकार मिळताच हजारो ओळींवर तेच करी. केलेली प्रत्येक पायरी पडद्याच्या डाव्या बाजूस साध्या वाक्यात लिहिली जाई, आणि कोणतीही पायरी केव्हाही मागे घेता येई.

वह्यांचे स्कॅन केलेले तक्ते एकमेकांशी मुळीच मिळतेजुळते नव्हते. एका उपकेंद्राने बायका उभ्या आणि महिने आडवे लिहिले होते. दुसऱ्याने एकेका बाईला एकेक पान दिले होते. कळमवाडीच्या जुन्या नर्सबाई तारखांऐवजी तिथी लिहीत, आणि एकाच गावचे नाव पुन्हा लिहायचा कंटाळा आला की त्याखाली दोन टिंबे देत. हेमलताबाई चष्मा सावरून बोलत राहिल्या.

“हे आडवे महिने आहेत ना, ते सगळे खाली घ्या. एका ओळीत एकच भेट.”

“घेतले. असेच ना?”

“हं. आणि ही टिंबं म्हणजे वरचंच नाव. ते खाली भरा.”

“भरले. ‘वैशाख वद्य सप्तमी’ ही कोणत्या वर्षाची समजावी?”

“वहीच्या पहिल्या पानावर वर्ष आहे बघा. त्यावरून तारीख काढा.”

तीन दुपारी असे चालले. चौथ्या दुपारी वीस वर्षे एका लांबलचक तक्त्यात शिस्तीने उभी राहिली. हेमलताबाई कौतुकाने तो तक्ता वर-खाली करून पाहत होत्या, इतक्यात अन्वयने आपण होऊन विचारले.

“एक शंका आहे. या तक्त्यात तेराशे बारा मुली वयाच्या अठरा ते तेविसाव्या वर्षी अचानक थांबतात. लसी, ताप, रक्ततपासणी, सर्व नोंदी नियमित आहेत, आणि मग काहीच नाही. याच वयात जवळपास तितक्याच स्त्रिया अचानक सुरू होतात, त्यांना मागील नोंदच नाही. मृत्यूची नोंदही कुठे नाही. काही अनर्थ घडला आहे का?”

हेमलताबाई मोठ्याने हसल्या. “अहो, अनर्थ कसला! लग्नं झाली त्यांची. आडनाव बदललं, गाव बदललं. आमच्याकडे बऱ्याच घरांत सुनेचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात. लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, आणि सासरच्या वहीत आम्ही तिला नव्याने लिहून घेतो. कोरी ओळ.”

“म्हणजे थांबलेली आणि सुरू झालेली स्त्री एकच. या ओळी जोडून पाहू का?”

“पण कशावरून जोडाल? ओळख-क्रमांक तर आरोग्याच्या वहीत लिहायला कायद्याने बंदी आहे.”

“क्रमांकाची गरज नाही.”

ते खरे होते. आपण दुरून येणाऱ्या माणसाला नाव वाचून ओळखत नाही. चाल, खांद्यांची ठेवण, हात हलवण्याची लकब यांवरून ओळखतो. त्यांतली एकेक खूण दुबळी असते, पण सगळ्या एकाच वेळी भलत्या माणसात सापडत नाहीत. अन्वयही तेच करी. एकाच तारखेला जन्मलेल्या बायका हजारांत एक-दोन असतात. ‘बी निगेटिव्ह’ रक्त शंभरांत जेमतेम दोघांचे असते. लहानपणी मोडलेला डावा हात त्याहूनही थोड्यांचा. या दुर्मिळता बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतात, आणि चार-पाच खुणा जुळल्या की लाखांत एकच माणूस उरतो. कायद्याने दाराला भक्कम कुलूप घातले होते. या साधनाला दार लागतच नव्हते.

“जोडा,” हेमलताबाई म्हणाल्या. त्यांना तो क्षण नंतर कितीतरी वेळा आठवला. त्या वेळी मात्र त्यांना एवढेच वाटले होते, की बरे झाले, बिचाऱ्या पोरींच्या तुटलेल्या नोंदी सांधल्या जातील.

अकराशे चार जोड्या लागल्या. हेमलताबाईंनी मग डॉक्टरांना हवा होता तो प्रश्न विचारला. ज्यांचे रक्त निगेटिव्ह आहे, ज्या आज गरोदर आहेत आणि ज्यांची पहिलटकरीण म्हणून नोंद आहे, अशांपैकी कुणाचे आधी बाळंतपण झालेले दिसते?

या प्रश्नामागचे शास्त्र त्या पुरते जाणून होत्या. आईचे रक्त निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचे पॉझिटिव्ह असले, तर बाळंतपणाच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्याला परके समजून त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये घडवते. त्या बाळाला अपाय होत नाही, कारण ते तोवर बाहेर आलेले असते. पण प्रतिद्रव्ये आईच्या अंगात राहतात आणि पुढच्या बाळाच्या रक्तावर तुटून पडतात. बाळंतपणानंतर तीन दिवसांत एक इंजेक्शन दिले की हे टळते. म्हणून ज्या निगेटिव्ह बाईची ही दुसरी खेप असेल तिचे रक्त केंद्राच्या पद्धतीनुसार नोंदणीच्या दिवशीच तपासत, आणि पहिलटकरणीचे सातव्या महिन्यात. ज्यांचे पहिले मूल माहेरी जन्मून हाती लागले नव्हते, त्यांचे ते बाळंतपण माहेरच्याच वहीत राही. सासरच्या वहीत त्या पहिलटकरणी ठरत, आणि दोन वह्यांच्या मधल्या फटीतून बाळे निसटून जात. डॉक्टरांना हवे असलेले कारण हेच होते.

पडद्यावर सात नावे आली. चौथे नाव इरावती निनाद भामरे.

हेमलताबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. नाव तेच होते. त्याच्या शेजारी थांबलेली ओळ होती: कोमल रतन सोनवणे, मोरदड. चार वर्षांपूर्वीची नोंद. पतीच्या रकान्यात सुरतेच्या कुणा अनोळखी माणसाचे नाव. सातव्या महिन्यात घरीच बाळंतपण, मूल मृत. इंजेक्शनचा रकाना रिकामा. जुळणीची खात्री शंभरांत अठ्ठ्याण्णव.

इरावतीचे माहेरचे नाव कोमल होते, हे त्यांना अर्थातच ठाऊक होते. इरावती हे नाव त्यांनीच सुचवले होते. त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. नोंदणीच्या दिवशी डॉक्टर तडवींनी इरावतीला विचारले होते, “पहिलंच ना गं?” इरावतीने तोंड उघडण्याआधी शेजारच्या खुर्चीवरून हेमलताबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, “हो तर! पहिलटकरीण आहे आमची.” आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांनी ते लिहूनही टाकले होते.

“जोडणीची पायरी मागे घ्या,” त्या म्हणाल्या.

“जोडणीची पायरी मागे घेतली,” अन्वय म्हणाला. सात नावे नाहीशी झाली. थांबलेल्या ओळी थांबल्या, सुरू झालेल्या ओळी नव्याने सुरू झाल्या. तक्ता पूर्वीसारखा निष्पाप दिसू लागला. मात्र हेमलताबाईंच्या मनात तो रिकामा रकाना तसाच उघडा राहिला.

निनादला हे ठाऊक असेल का? नसेल, तर त्याला हे कळल्यावर त्याचा संसार कुठे जाईल? आणि न कळल्यास बाळ कुठे जाईल? सातव्या महिन्याची वाट पाहण्याइतका अवधी त्या बाळाला असेलच असे नाही, हे तीस वर्षांचा अनुभव त्यांना सांगत होता.

तेवढ्यात केंद्रातले लिपिक बाविस्कर दारात उभे राहिले. माणूस मनाने सरळ, पण बोलण्याची भारी हौस.

“सिस्टर, तुमचा तो अन्वय मोकळा आहे का?”

“का हो?”

“काही नाही. भाच्यासाठी एक मुलगी पाहिलीय, धानोऱ्याची. लोक चांगले आहेत. पण जरा बघा ना, मागचं काही आहे का. तुमचं एका वाक्याचं काम.”

“आणि भाच्याचं मागचं? ते कुठल्या वहीत बघू?”

बाविस्कर हसले. “वह्या बायकांच्याच असतात हो, सिस्टर. पुरुषांच्या कुठे असतात?”

ते सहज बोलून गेले. पण हेमलताबाईंनी इतक्या वर्षांत स्वतः भरलेल्या सगळ्या वह्या त्या वाक्याने एकदम त्यांच्यापुढे उघड्या करून ठेवल्या. हे साधन आज त्यांच्या टेबलावर होते. उद्या ते प्रत्येक ग्रामपंचायतीत, प्रत्येक विवाहमंडळात असणार होते. एका वाक्यात कुणाही मुलीच्या दोन ओळी शेजारी येणार होत्या.

“बाविस्करभाऊ,” त्या म्हणाल्या, “भाच्याला सांगा, तिला चहाला बोलव आणि तिच्याशी बोल. ती सांगेल तेवढं तिचं मागचं.”

“घ्या! म्हणजे यंत्र आलं आणि आम्ही पुन्हा चहावरच,” असे पुटपुटत ते निघून गेले.

हेमलताबाईंनी पायरी पुन्हा लावली. सात जणी परत आल्या. इतर सहा जणींच्याही पोटात बाळे होती, आणि त्यांची सासू या खुर्चीवर बसलेली नव्हती. ते ज्ञान पुसून टाकणे त्यांच्या अधिकारात नव्हते. पण ते उघड्यावर मांडणेही नव्हते. या दोहोंच्या मध्ये चालायला एखादी वाट असलीच, तर ती आपल्याच घरातून शोधायला घ्यावी, असे त्यांनी ठरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरावती पडवीत दादर निवडत बसली होती. दादर म्हणजे खानदेशातली रब्बीची ज्वारी. तिचे टपोरे दाणे सुपात खळखळत होते. हेमलताबाई शेजारी येऊन बसल्या.

“इरा, आज माझ्याबरोबर केंद्रात चल. एक रक्ताची तपासणी करून घेऊ.”

“सातव्या महिन्यात करायची म्हणालात ना, आई?”

“म्हणाले होते. माझं चुकलं. आत्ताच करू.” मग त्या म्हणाल्या, “आणि हे बघ, तडवी मॅडम विचारतील ते तूच सांगायचं. मी आत येणार नाही. त्या दिवशी तुझ्याऐवजी मीच उत्तर दिलं. बाईच्या पोटाविषयी बाईला विचारायचं असतं, हे मी नव्या पोरींना शिकवते आणि घरच्या पोरीला बोलू दिलं नाही.”

इरावतीचे हात सुपात तसेच राहिले. हेमलताबाई दाण्यांतले खडे वेचत होत्या, वर पाहत नव्हत्या.

केंद्रात इरावती आत गेली आणि दार लागले. हेमलताबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. इतक्या वर्षांत त्या बाकावर त्या प्रथमच बसल्या होत्या, आणि तो किती अरुंद आहे हे त्यांना प्रथमच कळले. पाऊण तासाने इरावती बाहेर आली. डोळे लाल होते, पण चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

“तुम्हाला कळलं होतं ना, आई?”

“हो.”

“कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. मीच दोन वह्या शेजारी ठेवल्या. तुला न विचारता. त्याचा दोष माझाच आहे, बाळा.”

इरावती बाकाच्या उरलेल्या जागेवर बसली. “सुरतेला दिलं होतं मला. आठ महिन्यांत तो अपघातात गेला. मग बाळही. माहेरी सगळे माझ्याकडे असे बघायचे, की मीच काहीतरी... लग्नात तुम्ही नाव बदललंत, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, तुला राग नाही आला? मला तर हायसं वाटलं होतं, आई. वाटलं, आता कोमलविषयी मला कुणी विचारणार नाही.”

जी प्रथा आजवर हेमलताबाईंच्या वह्यांत फटी पाडत आली होती, तीच एका मुलीच्या डोक्यावरचे छप्पर झाली होती. त्या हळूच म्हणाल्या, “निनादला...”

“त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सगळं.”

हा घाव मात्र अनपेक्षित होता. ज्या स्फोटाच्या भीतीने त्या रात्रभर तळमळल्या, तो होणारच नव्हता. घरात न जाणणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

चार दिवसांनी तपासणीचा निकाल आला. प्रतिद्रव्ये होती, आणि भरपूर होती. जिल्ह्याच्या रुग्णालयात सोनोग्राफीवर बाळाच्या मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह मोजण्यात आला. रक्त पातळ झाले की ते वेगाने धावते, आणि बाळाचे रक्त फार वेगाने धावत होते. तेथील डॉक्टरांनी सांगितले, की आणखी दोन-तीन आठवडे उशीर झाला असता तर उपाय राहिला नसता. आता आहे. केसासारखी सूक्ष्म सुई पडद्यावर पाहत पाहत नाळेच्या शिरेपर्यंत न्यायची आणि बाळाला पोटातच रक्त द्यायचे. दहा वर्षांपूर्वी ज्यासाठी मुंबई गाठावी लागे, ते आता येथे होत होते.

इरावतीला आत नेले तेव्हा मायलेक बाहेर उभे होते.

“मला का नाही रे सांगितलंस?” हेमलताबाईंनी विचारले. “मी तुझ्या बायकोला घराबाहेर काढणारी बाई वाटले तुला?”

“नाही गं, आई. तसं मनातही आलं नाही.” निनाद बंद दाराकडे पाहत म्हणाला, “पण तालुक्यातल्या प्रत्येक बाईची तुझ्याकडे नोंद असते. इराला एक असं घर हवं होतं, जिथे तिची नोंद नसेल. मला काय ठाऊक, त्याचा बाळाशी संबंध असतो म्हणून! ठाऊक असतं तर...”

“तुला नव्हतं. मला होतं,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं नाही.” त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. तासाभराने आतून निरोप आला, की पहिल्या खेपेचे रक्त बाळाने नीट घेतले आहे.

परत आल्यावर त्या थेट डॉक्टर तडवींच्या खोलीत गेल्या. तपासणीच्या टेबलाजवळ दोन खुर्च्या होत्या, एक पेशंटची आणि एक सोबतच्या माणसाची. त्यांनी दुसरी खुर्ची उचलली आणि बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली.

“हे काय, हेमाताई?”

“मॅडम, माझ्याकडे सात जणींची यादी आहे. त्यातली एक तुम्हाला माहीत आहे. बाकीच्या सहा जणींची नावं मी सांगणार नाही.”

“अहो, असं कसं? त्यांची बाळं...”

“बाळं वाचवायचीच आहेत. आपल्या नऊ उपकेंद्रांत आज इराखेरीज निगेटिव्ह रक्ताच्या एकतीस गरोदर बायका आहेत. एकतीसच्या एकतीस जणींची तपासणी या आठवड्यात करू. पहिली खेप असो, दुसरी असो, सगळ्यांची. मग कोण कोणाची कोण, हे शोधायचं कारणच उरत नाही. आणि विचारायचं ते एकटीला विचारायचं, दार लावून. सासू बाहेर, आई बाहेर, नवरा बाहेर. मीसुद्धा बाहेर.”

डॉक्टर तडवी म्हणाल्या, “वरून यादी मागतील. असं साधन असताना यादी का नाही म्हणतील.”

“त्यांना म्हणावं, यादी नाही, पद्धत आहे.”

त्या दुपारी हेमलताबाई पुन्हा अन्वयसमोर बसल्या. किती जोड्या लागल्या, किती जणींचे पहिले बाळंतपण फटीत हरवले, कोणत्या उपकेंद्रात किती, एवढ्या संख्या त्यांनी वेगळ्या तक्त्यात काढून घेतल्या. मग म्हणाल्या, “आता जोड्या पुसा. संख्या राहू द्या.”

“ही पायरी मागे घेता येणार नाही. निश्चित?”

“निश्चित. आणि पुढची पायरी लिहून घ्या. एखाद्या बाईच्या दोन ओळी तिने स्वतः सांगितल्याशिवाय जोडायच्या नाहीत. माझ्याकडून नाही, डॉक्टरांकडून नाही, कुणीही सांगितलं तरी नाही.”

“लिहिले,” अन्वय म्हणाला. “असेच ना?”

“असेच,” हेमलताबाई म्हणाल्या. साधनाने ही पायरी इतर पायऱ्यांसारखीच, साध्या मराठी वाक्यात, डाव्या बाजूस मांडली. ज्या बोलीने कुलूप निरुपयोगी झाले होते, त्याच बोलीत नवे कुलूप घडवता आले. त्यासाठीही संगणकाची भाषा शिकावी लागली नाही.

एकतीस जणी आल्या. काहींच्या सासवा बाहेरच्या खुर्चीवर बसून कुरकुरल्या, “आमच्यापासून काय लपवायचंय?” हेमलताबाई त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या तरुणपणीच्या बाळंतपणांच्या कथा ऐकत राहिल्या, आणि दार बंद राहिले. रक्ताचे नमुने जिल्ह्याला पोहोचवण्याचे काम बाविस्करांनी आपणहून घेतले. “यंत्राशी बोलू देत नाही, निदान जीप तरी चालवू द्या,” असे म्हणाले. भाच्याचे धानोऱ्याच्या मुलीशी जमले होते. तिचे मागचे काय, हे त्यांनी पुन्हा विचारले नाही.

एकतीसपैकी पाच जणींच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडली. त्या सगळ्यांवर वेळेत उपचार सुरू झाले. आणि एक गोष्ट डॉक्टर तडवींना मागाहून, दार बंद असतानाच्या बोलण्यातून कळली. पाचांतल्या दोघींचे पहिले बाळंतपण कोणत्याच वहीत लिहिलेले नव्हते. जगातल्या कोणत्याही साधनाला त्यांच्या ओळी जोडता आल्या नसत्या. विचारणाऱ्या एका शांत खोलीने त्या जोडल्या. जिल्ह्याला जे पत्र गेले त्यात नाव एकही नव्हते, पद्धत मात्र पूर्ण होती. पावसाळा सरेपर्यंत तीन तालुक्यांनी ती उचलली.

इरावतीच्या बाळाला पोटात तीन वेळा रक्त देण्यात आले. श्रावणातल्या एका उजळ सकाळी, दिवस पूर्ण भरण्याच्या चार आठवडे आधी, मुलगी झाली. सव्वादोन किलोची. अंगावर थोडी पिवळी झाक होती, म्हणून तिला निळ्या प्रकाशाखाली ठेवले. ती मुठी झाडत इतक्या खणखणीत आवाजात रडत होती, की शेजारच्या बाळांच्या आया उठून पाहू लागल्या.

“तुमच्यावर गेलीय, आई,” इरावती पडल्या पडल्या म्हणाली. “कुणी विचारायच्या आतच उत्तर देते.”

“दे गं, दे,” हेमलताबाई काचेवर हात ठेवून म्हणाल्या. “स्वतःचं उत्तर स्वतःच दे.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, पण शब्द ऐकू आले नाहीत. तो आशीर्वाद या एकाच लेकरासाठी नसावा. सुरतेच्या वाटेवर राहिलेल्या त्या अनोळखी तरुणासाठी आणि मोरदडला न रडताच गेलेल्या बाळासाठीही त्यात जागा असावी. ज्या सांगतील त्यांना ऐकणारे मिळोत. ज्या सांगणार नाहीत त्यांचे मौन सुखाने नांदो. आणि त्यांच्या कुशीतली लेकरे, ज्ञात आणि अज्ञात, सुखरूप उजेडात येवोत.